माहेरचं पाणी

बॅटऱ्या गेल्याचं कळलं त्या दिवशी मास्तर एक जुना कोट उलटवत होते. आतली बाजू बाहेर काढून, झिजलेली बाहेरची आत घालून पुन्हा शिवायचा, म्हणजे आणखी काही वर्षं निघतात. भर दुपार होती. छपरावरच्या सोलरच्या पॅनेलांवर डोळे दिपतील असं ऊन पडलं होतं. अशा वेळी शिवणयंत्राची मोटर बंद पडायचं काही कारण नव्हतं. पण ती आधी कण्हली, मग मंदावली आणि सुई कापडात रुतलेली असतानाच थांबली. डोक्यावरचा पंखाही दोन गिरक्या घेऊन गप्प झाला.

वायरमन आला. त्याने इन्व्हर्टरची दोन बटणं दाबून बघितली, मान हलवली आणि तो मागच्या खोलीत शिरला. तिथे बॅटरीचे बारा मोठाले सेल फळीवर ओळीने मांडलेले होते. त्याने एकाचं झाकण फिरवून काढलं, आत टॉर्च मारली. मग एकेक करत सगळ्यांचीच काढली.

"मास्तर, यांच्यात पाणी कोण घालायचं?"

"ही घालायची."

"आणि त्या गेल्यापासून?"

मास्तर दारातच उभे होते.

"कोरडे ठणठणीत झालेत. आतल्या पट्ट्या उघड्या पडून वाळल्यात. आता यात पाणी ओतलं काय नि चहा ओतला काय, सारखंच."

"सगळे?"

"जवळजवळ सगळेच. ह्या कोपऱ्यातल्या एकाच्या तळाला थोडी ओल दिसतेय, पण एकट्याने तो काय करणार?" वायरमनने झाकण लावलं आणि शेजारच्या सेलवर पुसट खडूने लिहिलेलं वाचलं. "हे काय? 'थोरली आत्या'?"

मास्तर उंबऱ्यावर खाली बसले. त्यांच्या तोंडून एवढंच निघालं, "अरे देवा. माहेर."

वायरमनला काही उमगलं नाही. त्याने त्यांना पाणी आणून दिलं, ते मास्तरांनी हातात तसंच धरून ठेवलं.

ते टेलरमास्तर म्हणून सगळे त्यांना मास्तर म्हणत, आणि त्यांची बायको आपोआप मास्तरीणबाई झाली होती. खरं तर दोघांत हुशारी कुणाकडे होती म्हणाल तर तिच्याकडे. ती टेलिफोनच्या कचेरीत बॅटरीच्या खोलीवर कामाला होती. तिथून काढून टाकलेले हे बारा सेल तिनेच सांगून-सवरून घरी आणले. घर दगडाच्या खाणीपलीकडे होतं, विजेच्या शेवटच्या खांबापासून बरंच लांब. तार ओढून आणायची तर घर विकावं लागलं असतं. तिने छपरावर पॅनेलं बसवून घेतली, मागच्या खोलीत सेल मांडले, आणि मास्तरांचं यंत्र सूर्यावर चालायला लागलं.

तिला नावं ठेवायची भारी हौस. दोन्ही अर्थांनी. मास्तरांच्या कापडावर खुणा करायच्या खडूचा तुकडा ती गुपचूप उचलायची आणि एकेका सेलवर माहेरच्या एकेका माणसाचं नाव घालायची. थोरली आत्या पाणी फार प्यायची. मामी जरा काही झालं की तापायची. काकू वरून शांत आणि आतून खदखदणारी. अशी सगळी मंडळी त्या खोलीत नांदत होती, म्हणून त्या खोलीचं नाव माहेर. दर काही आठवड्यांनी ती जाड ॲप्रन चढवायची, डिस्टिल्ड वॉटरचा कॅन उचलायची आणि म्हणायची, "मी जरा माहेरी पाणी विचारून येते."

मास्तर सुईवरची नजर न काढता म्हणायचे, "सगळ्यांना माझा नमस्कार सांग."

त्यांना स्वतःला आत यायची बंदी होती. "ॲसिडचा एक शिंतोडा उडाला की गिऱ्हाइकाच्या पँटची चाळण होईल," असं ती म्हणायची. त्यामुळे खोलीत काय चालतं ते त्यांनी कधी नीट बघितलंच नाही. दिवे लागायचे, यंत्र चालायचं, बास.

मग ती आजारी पडली. दवाखान्यातल्या शेवटच्या संध्याकाळी तिने नाकावरचा मास्क हाताने वर उचलला आणि धापा टाकत म्हणाली, "माहेरी पाणी विचारत जा. विसरू नका." एवढं बोलून तिने मास्क पुन्हा लावला. नंतर ती बोललीच नाही.

ते वाक्य मास्तरांच्या काळजात रुतून बसलं होतं. कारण त्या वेळी तिच्या खऱ्या माहेराशी मास्तरांचा अबोला होता. माहेर म्हणजे तरी कोण उरलं होतं? एक धाकटा भाऊ. त्याला सगळे तुफान म्हणत. हे नावही बहिणीनेच ठेवलेलं, कारण तो लहानपणी चपला घालायला लागला की बाकीचे बाजारातून परत यायचे. हा तुफान मास्तरांची शिडी मागून घेऊन गेला आणि त्याने ती पायरी मोडून परत आणली. वर "आधीच तडा गेला होता" म्हणाला. मास्तर रागाने बोलले, तोही बोलला. शिडी भिंतीला टेकून राहिली आणि दोघांची तोंडं दोन दिशांना. बघता बघता तीन वर्षं गेली.

म्हणून तिचं बोलणं ऐकलं तेव्हा मास्तरांना वाटलं, ही जाता जाता तेवढंच मागून गेली. माझ्या माहेरच्या माणसाला विचारत जा. मी तिचं माहेर तोडलं, हे ती मनात धरून होती. मग तेरावं सरताच ते तुफानाच्या दारात जाऊन उभे राहिले. तेव्हापासून आठ महिने, एकही आठवडा न चुकवता, ते त्याच्याकडे जात होते. कधी फळं घेऊन, कधी त्याची फाटलेली पँट शिवून घेऊन. तुफान आधी बावरला, मग सवयीला आला, आणि आता मास्तर आले नाहीत तर तोच फोन करायचा.

आणि या आठ महिन्यांत मागच्या खोलीतलं माहेर पाण्यावाचून मेलं होतं.

संध्याकाळी मुलीचा फोन आला. ती नवऱ्याबरोबर दुसऱ्या शहरात राहायची. वायरमनने तिलाही कळवलं होतं.

"बाबा, पुरे झालं आता. मी रविवारी गाडी घेऊन येते. कपडे भरून ठेवा."

"अगं, काम आहे हातात. एक कोट आहे."

"कोट इथे शिवा. इथे खोली रिकामी आहे. तिकडे ना दिवा, ना पंखा, रात्री पडलात तर बघायला कोण आहे? खाणीतला वॉचमन?"

"दिवा लागेल ना."

"कसा लागेल? आई येणार आहे का लावायला?" बोलून गेली आणि तिचं तिलाच वाईट वाटलं. मग हळू आवाजात म्हणाली, "रविवारी आले आणि दिवा लागलेला असला तर मी काही बोलणार नाही. नाहीतर तुम्ही काही बोलायचं नाही. कबूल?"

"कबूल," मास्तर म्हणाले. त्यांना मुलीकडे जायचं दुःख नव्हतं. जावई चांगला होता, खोली चांगली होती. पण हे घर बंद झालं की तिने लावलेलं सगळं बंद झालं, एवढंच त्यांना कळत होतं.

वायरमनने जाताना गोदामांच्या भागातला एक पत्ता सांगितला होता. तिथे एक बाई कारखान्यातल्या जुन्या बॅटऱ्या दुरुस्त करून विकते. नव्या घेण्याची ऐपत नसलेले सगळे तिच्याकडेच जातात. मात्र जोडणीला आपल्याला सोमवारशिवाय जमणार नाही, असंही तो सांगून गेला होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तुफानाला बोलावलं. त्याचा छोटा ट्रक होता, घरं बदलणाऱ्यांचं सामान वाहायचा. त्याचं सामान उशिरा पोचायचं पण कधी फुटायचं नाही.

ट्रकमध्ये मास्तर बराच वेळ खिडकीबाहेर बघत राहिले. सांगावं की नको? आठ महिने ज्याच्या घरी जाऊन बसलो त्याला कसं सांगायचं, की मी चुकून येत होतो? पण पोटात ठेवणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. शेवटी त्यांनी दवाखान्यातलं वाक्य सांगितलं, खोलीचं नाव सांगितलं, सगळं सांगून टाकलं.

तुफानाने ट्रक रस्त्याच्या कडेला घेतला. हँडब्रेक ओढला. मग म्हणाला, "म्हणजे भावोजी, ते पाणी बॅटऱ्यांचं होतं?"

"हो रे."

"आणि ते मी पीत होतो."

"तसंच म्हण."

"ती पेरूंची पिशवी? माझी पँट?"

"सगळं."

तुफान स्टिअरिंगवर कपाळ टेकून हसायला लागला. खांदे हलत होते. मग हसणं थांबलं तरी त्याने डोकं वर केलं नाही. "म्हणजे ताईने शेवटी माझी आठवण काढलीच नाही," तो म्हणाला. "मी आपला आठ महिने समजत होतो, ताईने सांगितलं म्हणून तुम्ही येता. तुम्ही बोलला नाहीत पण मला काय कळत नव्हतं?"

मास्तर त्याच्याकडे वळले. ते म्हणाले, "मीही तेच समजत होतो. मला वाटलं, मी तिचं माहेर तोडलं म्हणून ती जीव जाताना..."

"तोडलं?" तुफानाने डोकं वर केलं. "काय तोडलं? ताई दर बाजारच्या दिवशी माझ्याकडे यायची."

"कधी?"

"कधी म्हणजे? तीनही वर्षं. पिशवी टेकवायची, चहा प्यायची, माझ्या बायकोच्या हातच्या सगळ्या पदार्थांना नावं ठेवायची आणि जायची. तुम्हाला सांगायची नाही, कारण मग तुम्ही फुगला असता. मी एकदा म्हटलं, ताई, मी येऊन भावोजींची माफी मागू का? तर म्हणाली, नको रे, दोघं भांडताय तर शिडी घरात राहते. नाहीतर तू पुन्हा घेऊन जाशील."

मास्तर त्याच्याकडे बघत राहिले. "ती असं म्हणाली?"

"हसून हसून तिला ठसका लागला होता."

मास्तरांनी खिडकीची काच खाली केली. बाहेर एक माणूस सायकलवर लाकडी खुर्ची उलटी बांधून चालला होता, तो वळणाआड जाईपर्यंत ते त्याच्याकडे बघत राहिले. आठ महिने ते एक ओझं घेऊन झोपत होते आणि घेऊन उठत होते, की ही मनात काहीतरी ठेवून गेली. तसं काही नव्हतंच. तिला फक्त बॅटऱ्यांची काळजी होती. शेवटच्या संध्याकाळी, नाकावर मास्क असताना, ती मागच्या खोलीतलं काम कुणाकडे तरी सोपवत होती, जसं रोज जेवायला बसण्याआधी गॅस बंद करायला सांगायची. बाकी काही नाही. मास्तरांना रडू यायला हवं होतं, पण त्याऐवजी भूक लागली. कित्येक दिवसांत अशी लागली नव्हती.

"तुफान," ते म्हणाले, "वाटेत कुठे काही खायला मिळेल का?"

"मिळेल की. आज पैसे कोण देणार, मी की बॅटऱ्या?"

बॅटरीवाल्या बाईचं दुकान म्हणजे पत्र्याची लांबच लांब शेड होती. आत एका बाजूला लोखंडी पेट्यांतल्या बॅटऱ्या, दुसऱ्या बाजूला चार्जर गुणगुणत होते. हवेत आंबूस वास होता. बाई अंगाने भरलेली, आवाजाने त्याहून भरलेली. तिच्या ॲप्रनला इतकी भोकं होती की मास्तरांची नजर बॅटऱ्यांआधी तिकडेच गेली.

"हे सुती आहे," ते म्हणाले.

"काय?"

"ॲप्रन. सुती कापड ॲसिड खातं. पॉलिस्टरचं घ्या, नाहीतर रबर लावलेलं. मी माझ्या बायकोला शिवून दिला होता, शेवटपर्यंत टिकला."

"काका, तुम्ही बॅटरी घ्यायला आलात की माझे कपडे बघायला?" बाई म्हणाली, आणि पलीकडे काम करणारी माणसं हसली. तुफानाने मान खाली घातली.

मास्तर ओशाळले, पण मग मुद्द्यावर आले. "पाटीवर लिहिलंय ते रिकंडिशन म्हणजे नक्की काय करता?"

"गोदामात माल उचलणाऱ्या गाड्या असतात ना, पुढे दोन लोखंडी पाती असलेल्या? त्यांच्या ह्या बॅटऱ्या. कंपन्या ठरलेल्या वर्षी बदलतात, मेल्या असोत की नसोत. आम्ही त्या आणतो, धुतो. पट्ट्यांवर पांढरा थर बसलेला असतो, तो बरेच दिवस हळूहळू करंट देऊन उतरवतो. ॲसिड बघतो. मग लोड टाकून बघतो, दम धरते का. धरला तर विकायला, नाही धरला तर भंगारात."

"नव्यासारख्या होतात?"

"नव्यासारख्या म्हणणाऱ्याकडून घेऊच नका. नीट सांभाळल्या तर चालतील काही वर्षं."

मास्तरांचा चेहरा उजळला. हे त्यांना कळणाऱ्या भाषेतलं होतं. "म्हणजे उलटवलेला कोट."

"हो, चालेल. उलटवलेला कोट."

"मग कोपर कुठे झिजलंय ते दाखवा."

बाईने त्यांच्याकडे नीट बघितलं. मग तिने एका पेटीजवळ नेलं. एका गाडीच्या पेटीत बसणारे बारा सेल होते, काळे, जाड, पाठ ताठ करून बसलेले. मास्तर वाकले. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी पेटीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बघितलं, जसे ते गिऱ्हाइकाने आणलेलं कापड उजेडात धरून बघत.

"हे दोन वेगळ्या ताग्यातले आहेत."

"कशावरून?"

"काळा वेगळा आहे. हे दहा निळसर काळे, हे दोन तपकिरी काळे."

तुफानाला सगळे सारखेच काळे दिसत होते. बाई मात्र हसली. "अहो काका, मला वाटलं तुम्ही फक्त ॲप्रनच बघता. दोन दत्तक आहेत. मूळचे दोन चिरलेले होते."

"दत्तक घेतलेले घरात रुळलेत का?"

"मोजून बघा की."

मास्तरांनी पिशवीतून रुमालात गुंडाळलेली काचेची नळी काढली. बायकोची होती ती. आत तरंगणारी काडी, वरच्या टोकाला रबरी फुगा. फुगा दाबून ॲसिड वर ओढायचं आणि काडी किती वर तरंगते ते बघायचं, एवढं त्यांनी दारातून कधीतरी बघितलेलं होतं. पहिल्या वेळी नळी तिरकी धरली गेली, काडी कडेला चिकटली आणि काही दिसेना. तुफानाने मागून त्यांचं कोपर धरलं. मग दिसलं. एकामागून एक सगळे जवळजवळ एकाच रेघेवर तरंगत होते. एक दत्तकसुद्धा. दुसऱ्याची काडी मात्र खाली बसली.

"हा रुळला नाही," मास्तर म्हणाले.

बाईने स्वतः बघितलं, तोंड वाकडं केलं आणि ओरडली, "अरे, याला कुणी पास केला? बदला." मूळ दहांसारखाच निळसर काळा एक सेल आतून आला. मग तिने सगळ्यांवर लोड टाकून दाखवला. मीटरचा काटा थोडा खाली गेला आणि तिथेच धरून राहिला.

व्यवहार सरळ होता. जुने सेल तिला द्यायचे, त्यातलं शिसं तिच्या कामाचं, आणि वरचे पैसे रोख. मास्तरांनी घासाघीस केली नाही. उलट तिच्या खांद्याचं आणि कमरेचं माप मात्र घेतलं. ती म्हणाली, "हे कशाला?" ते म्हणाले, "तुमचा ॲप्रन बघवत नाही म्हणून."

शनिवारी दुपारी नवे सेल आणि बाईचा एक माणूस घेऊन ट्रक खाणीपलीकडच्या घराशी आला. नवे आत न्यायच्या आधी जुने बाहेर काढायचे होते. मास्तर पहिल्यांदाच त्या खोलीत पूर्ण आत गेले. खिळ्यावर तिचा ॲप्रन टांगलेला होता. त्यांनी तो चढवला. तुफान जुन्या सेलांवरची नावं वाचत एकेक उचलत होता. "चल ग आत्ये. मामी, आता तरी थंड झालीस? काकू, पायाखाली बघ." सेल जड होते, दोघांनी पट्ट्यात धरून न्यायचे, आणि प्रत्येक फेरीला तो असं काहीतरी बोलायचा. तो बोलत होता म्हणून मास्तरांना ते जमत होतं.

कोपऱ्यातल्या शेवटच्या सेलपाशी तो थांबला.

"भावोजी, हे बघा."

वर खडूने लिहिलं होतं, 'तुफान', आणि खाली बारीक अक्षरात, 'भरायला सगळ्यांत उशीर'.

दोघंही खाली वाकून बघत राहिले. तुफानाने झाकण काढलं. तळाशी अजून ओल होती. तोच तो, ज्याच्याबद्दल वायरमन बोलला होता.

"बघितलंत?" तुफान म्हणाला. "मीपण होतो त्यात. पाणी विचारायला सांगितलं त्यात मीपण होतोच."

"होतास की," मास्तर म्हणाले. "आणि तुझं पाणी तेवढं आटलं नाही."

"कसं आटेल? सगळं काम सावकाश." त्याने बाहीने नाक पुसलं. मास्तर म्हणाले, हा एक राहू दे हवं तर, बाईला अकराच देऊ. तुफानाने विचार केला आणि मान हलवली. "नको. एकटा राहून मी काय करू? सगळ्यांबरोबर जाऊ दे." मग दोघांनी मिळून तुफानाला उचलून ट्रकमध्ये ठेवलं. मास्तरांनी ट्रकच्या फळीवर हात ठेवला, थोडा वेळ तसाच राहू दिला, आणि म्हणाले, "झालं. ने."

बाईचा माणूस नवे सेल फळीवर ठेवायला मदत करून जुने घेऊन तुफानाबरोबर ट्रकने गेला, आणि तुफान परत आला तोवर रविवार सकाळ झाली होती. जोडणी दोघांनीच करायची होती. एकाचं अधिक दुसऱ्याच्या उण्याला, असं ओळीने. मास्तर म्हणाले, "टाकेच आहेत हे, एकात एक." शिवणीसारखी सरळ ओळ लागली. टोकांना व्हॅसलीन चोपडलं. दुपारी त्यांनी बटण दाबलं.

इन्व्हर्टरने तांबडा दिवा दाखवला आणि तो केकाटायला लागला.

"मेलो," तुफान म्हणाला.

मास्तरांनी घाईने बटण बंद केलं. मुलगी निघालीसुद्धा असेल. त्यांनी बॅटरीवाल्या बाईला फोन लावला.

"तांबडा लागतोय? म्हणजे व्होल्टेज कमी भरतंय," ती म्हणाली. "कुणीतरी रुसून तोंड फिरवून बसलंय बघा. तो दत्तक कुठे आहे?"

"मधे."

"त्याची कंपनी वेगळी आहे काका. त्याचं अधिक डावीकडे असतं, बाकीच्यांचं उजवीकडे. तुम्ही रांगेला रांग लावून बसवला असणार, दिसायला सुंदर."

मास्तरांनी टॉर्च मारली. खरंच होतं. शिवण सरळ दिसावी म्हणून त्यांनी त्यालाही बाकीच्यांसारखाच बसवला होता, आणि अधिक-उण्याची खूण बघितलीच नव्हती. टेलरशिवाय ही चूक कुणी केली नसती. त्यांनी पट्ट्या सोडवल्या, तुफानाने सेल सावकाश उचलून फिरवला, पुन्हा पट्ट्या आवळल्या.

बटण दाबलं. हिरवा.

शिवणयंत्राच्या खोलीत पंखा कुरकुरला आणि फिरायला लागला. मास्तर धावत गेले, पायाने पेडल दाबलं, आणि त्या दुपारपासून कोटात रुतून बसलेली सुई वर आली, खाली गेली, वर आली. तुफान दारात उभा राहून टाळ्या वाजवत होता. मास्तरांनी कोटाची बाही पुरी शिवली, मग उठून घरातला एकेक दिवा लावला, सगळे, न्हाणीघरातलासुद्धा, उजेड असतानाही.

मुलगी आली तेव्हा दिवस मावळत होता. वळणावरूनच तिला खिडक्या दिसल्या असणार, कारण गाडीतून उतरली तेव्हा ती काही बोलली नाही. तिने मामाला बघितलं, बाबांच्या अंगावरचा आईचा ॲप्रन बघितला आणि सरळ मागच्या खोलीत गेली. बराच वेळ तिथे उभी राहिली.

"कबूल तर कबूल," बाहेर येऊन ती म्हणाली. "न्यायला आले होते. राहून जाते दोन दिवस." मग पायऱ्यांवर बसली आणि तोंड ओंजळीत धरून म्हणाली, "बाबा, खरं सांगू? घर बंद केलं असतं तर मी कुठे आले असते?"

मास्तर तिच्या शेजारी बसले. तुफान आत चहा करायला गेला होता, म्हणजे चहा रात्रीपर्यंत मिळेल अशी चिन्हं होती. तिने विचारलं, "पाणी कोण घालणार आता?"

"मी. आणि मी विसरलो तर हा विचारायला येईल. दर आठवड्याला त्याने माझ्याकडे यायचं असं ठरलंय."

"मामा? दर आठवड्याला?" मुलगी हसली. "सुरुवात आजच करायला सांगा, पुढच्या वर्षी पोचेल."

आतून तुफान ओरडला, "ऐकू येतंय मला!"

आता दोन महिने झाले. दिवे लागतात, यंत्र चालतं, मास्तर नीट झोपतात. बॅटरीवाल्या बाईचा ॲप्रन शिवून झाला, कोट गिऱ्हाइकाने नेला, शिडीला नवी पायरी बसली. पाणी मास्तरांनी दोनदा घातलं, चार्ज पूर्ण झाल्यावर, तिच्याच कॅनने. खडूचा तुकडा त्यांच्या खिशात असतो. पण नव्या बाराजणांना अजून नावं ठेवायची राहिली आहेत.